झिंक ऑक्साइडचे जलीय अब्जांश-निलंबन

झिंक ऑक्साइडचे 100 नॅनोमीटरहून लहान कण पाण्यात सुटे सुटे राहतील, तळाशी बसणार नाहीत आणि त्यांच्या गुठळ्या होणार नाहीत, अशा रीतीने तयार केलेले कलिल. सुती कापडावरील प्रक्रिया, पाण्यात कालवायचे रंग, पिकांवर फवारायचे जस्त अशा कामांसाठी ते वापरतात. टायटॅनियम, ॲल्युमिनियम, लोह व सेरियम यांच्या ऑक्साइडांनाही पुढील तत्त्वे बव्हंशी लागू पडतात.

महाराष्ट्रातील ठळक काम मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. ही संस्था 1924 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची तंत्रशाळा म्हणून सुरू झाली. बीड जिल्ह्यात शेतकऱ्याचा मोठा भरवसा ज्या कपाशीवर असतो, त्याच कपाशीच्या धाग्याला नवे गुण देण्यासाठी या संस्थेतील एन. विग्नेश्वरन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये झिंक ऑक्साइड व विद्राव्य स्टार्च यांचे मिश्रद्रव्य प्रसिद्ध केले. माध्यम पाण्याचे होते आणि कणांचा सरासरी आकार सुमारे 38 नॅनोमीटर. या द्रव्याची प्रक्रिया केलेल्या सुती कापडाने जंतूंना अटकाव केला आणि अतिनील किरणही अडवले.

झिंक ऑक्साइड पाण्याच्या सुमारे साडेपाचपट जड असले, तरी कण बसण्याचे खरे कारण हा जडपणा नाही. 38 नॅनोमीटरचा सुटा कण स्टोक्सच्या नियमाप्रमाणे दिवसाकाठी जेमतेम 0.3 मिलिमीटर खाली सरकतो. पाण्याच्या रेणूंच्या धडकांनी तोच कण एका सेकंदात साधारण 5 मायक्रोमीटर इकडेतिकडे भरकटतो. त्याच सेकंदात गुरुत्वामुळे तो जितका खाली येतो, त्याच्या हजारपटीहून हे अंतर जास्त आहे. मात्र बसण्याचा वेग आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशाच द्रव्याचा 1 मायक्रोमीटरचा भरीव गोळा दिवसाला 20 सेंटिमीटरहून अधिक उतरतो. गुठळी पोकळ असली तर वेग थोडा कमी पडतो, पण बाटलीचा तळ ती गाठतेच. म्हणून सारा प्रश्न कणांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा आहे.

कण जवळ आले की व्हॅन डर वाल्स आकर्षण त्यांना चिकटवते. त्याला विरोध करतो तो पृष्ठभागावरील विद्युतभार. या ओढाताणीचे गणित डेर्यागिन व लांडाऊ यांनी 1941 मध्ये आणि व्हेरवे व ओव्हरबेक यांनी 1948 मध्ये मांडले. साध्या पाण्यात झिंक ऑक्साइडवर धनभार असतो. पीएच 9 ते 10 च्या दरम्यान तो शून्यावर येतो आणि तेथे गुठळ्या झपाट्याने होतात. मग पीएच कमी का करू नये? कारण आम्लात झिंक ऑक्साइड विरघळते. आम्ल घातल्यावर गढूळ द्रव नितळ झाला तर कण उत्तम विखुरले असे समजू नये. बहुधा ते उरलेलेच नसतात. सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत पीएच बदलून जे सहज साधते, ते येथे साधत नाही.

क्षारांची अडचण याहून मोठी आहे. मिठाच्या 0.001 मोलर द्रावणात कणाभोवतीचा विद्युत-पडदा सुमारे 10 नॅनोमीटर पसरलेला असतो, 0.1 मोलर द्रावणात तो 1 नॅनोमीटरवर आकसतो. आयनावरील भार दुप्पट झाला की गुठळ्या पाडण्याची त्याची ताकद अनेकपटींनी वाढते. झिंक नायट्रेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून कण बनवताना तर ते अल्कधर्मी, सोडियम नायट्रेटने भरलेल्या द्रावणातच जन्माला येतात. तेथे नुसत्या विद्युतभारावर विसंबून भागत नाही. माटुंग्याच्या पद्धतीत स्टार्च मोलाचा ठरतो तो यामुळे. त्याच्या लांब साखळ्या कणाला वेढतात, वाढ आवरतात आणि दोन कणांमध्ये पाण्याने फुगलेला थर राखतात. क्षार वाढले तरी हा थर विद्युत-पडद्यासारखा आकसत नाही. सुताला खळ देणाऱ्या धंद्यात मुरलेला हा स्वस्त, निर्धोक पदार्थ कापसाच्या संस्थेने निवडला, ही निवड समर्पक होती. स्टार्चची मर्यादाही आहे: त्यावर बुरशी धरते आणि तो कमी पडला तर एकच साखळी दोन कणांना धरून उलट गुठळीच बांधते. सायट्रेट, पॉलिॲक्रिलेट व पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे इतर पर्याय आहेत.

वाळवलेली पूड पुन्हा पाण्यात सुटी करण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचा सळईसारखा प्रोब वापरतात. द्रव तापू नये म्हणून पात्र बर्फात ठेवावे लागते. लहरी गुठळ्या फोडतात, पण पुन्हा होऊ नयेत याची तजवीज करत नाहीत. स्टार्चसारखा स्थिरक आधीच पाण्यात हवा.

परीक्षणात झीटा विभव (कणाभोवतीच्या विद्युतभाराचे माप) 30 मिलिव्होल्टपेक्षा अधिक (धन वा ऋण) असावा असा संकेत आहे. त्याला अवाजवी महत्त्व मिळाले आहे. स्टार्चने झाकलेल्या कणांचा विभव कमी असूनही निलंबन टिकू शकते. प्रकाश-विकिरणाने मोजलेला आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील आकारापेक्षा मोठा येतो, कारण त्यात स्थिरकाचा थर मोजला जातो. सर्वांत बोलकी कसोटी साधी आहे: बाटली महिनाभर हलवू नये, वरचा व खालचा थर वेगळा काढून त्यांतील जस्त मोजावे, आणि तळाचा साका हलक्या हाताने हलवून मिसळतो की घट्ट वडी होऊन बसतो ते पाहावे.

ही कसोटी सहसा ऊर्ध्वपातित पाण्यात घेतली जाते. मराठवाड्यात फवारणीच्या पंपात मात्र बोअरचे पाणी पडते. लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून सुमारे 3 मिलिमोल असतात. सायट्रेट किंवा पॉलिॲक्रिलेटने ऋणभारित केलेले कण एकत्र आणायला इतके पुरेसे ठरू शकते. उघड्या धनभारित कणांना पाण्यातील सल्फेट व खतातील फॉस्फेट तितकेच घातक असतात. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाण्यात महिनोन्‌महिने टिकलेले निलंबनही, बोअरच्या कठीण पाण्यात तपासलेले नसेल, तर फवारणीसाठी स्थिर मानता येत नाही.