सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग कॅन्सर कसा निघाला? : रक्तातून कॅन्सर शोधण्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

"डॉक्टर, तीन महिन्यांपूर्वीच फुल बॉडी चेकअप केलं होतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. मग आता कॅन्सर कसा निघाला?" कॅन्सरचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. याच्या उलट प्रश्नही तितकाच येतो : "काहीच त्रास नाही, पण पॅकेजमध्ये एक ट्यूमर मार्कर वाढलेला आलाय. मला कॅन्सर झालाय का?"

दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच असते. शरीरात कुठेही कॅन्सर असला तर तो रक्तात उमटणारच, असं आपण धरून चालतो. ही समजूत पूर्ण खोटी नाही. वैद्यकशास्त्रानेही ती बराच काळ बाळगली होती. ती कुठे खरी ठरली आणि कुठे नाही, हे इतिहासातून चांगलं कळतं.

१८४५ : सुरुवात आशादायक होती

१८४५ साली एडिनबर्गमध्ये जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशॉ या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एक विचित्र गोष्ट नोंदवली. शवविच्छेदनात काही रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा अक्षरशः पूर आलेला दिसत होता. बेनेट यांना वाटलं, रक्तात पू झाला आहे. विरशॉ यांनी हा वेगळाच आजार असल्याचं ओळखलं आणि पुढे त्याला 'ल्युकेमिया', म्हणजे 'पांढरं रक्त', असं नाव दिलं.

त्याच वर्षी लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनतज्ज्ञ डॉक्टरांकडे आला. रुग्णाला हाडांच्या असह्य वेदना होत्या. त्याच्या लघवीतलं प्रथिन तापवल्यावर विरघळत होतं आणि गार झाल्यावर पुन्हा त्याचा साका होत होता. त्या आजाराला आज आपण मल्टिपल मायलोमा म्हणतो. बेन्स जोन्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रथिन जगातला पहिला ट्यूमर मार्कर मानलं जातं.

म्हणजे रक्त-लघवीतून कॅन्सर ओळखता येतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण हे दोन्ही कॅन्सर रक्त आणि अस्थिमज्जेतल्या पेशींचे आहेत, हे लक्षात घ्या. आजही साध्या सीबीसी तपासणीत ल्युकेमिया अनेकदा अचानक सापडतो, कारण तिथे बिघडलेल्या पेशीच मोजल्या जातात.

तोंड, स्तन, गर्भाशयमुख, आतडं आणि फुफ्फुस या अवयवांचे कॅन्सर मात्र एका जागी गाठ किंवा व्रण म्हणून सुरू होतात. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या अवयवांचं कामकाज सांगतात, त्यात गाठ आहे की नाही ते सांगत नाहीत. यकृताची राखीव क्षमता तर इतकी मोठी असते की त्यात छोटी गाठ असूनही 'लिव्हर फंक्शन' बिनचूक येऊ शकतं. कधीकधी अप्रत्यक्ष सुगावा लागतो. आतड्यातल्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात राहिलं की हिमोग्लोबिन घसरतं. म्हणून वयस्कर माणसाला कारण नसताना रक्तक्षय झाला, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन थांबायचं नसतं. पण सुगावा म्हणजे चाचणी नव्हे.

१९६३ ते १९८१ : मार्करचं युग

मग गाठींच्या कॅन्सरसाठी रक्तात एखादी खूण शोधता येईल का? १९६३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ अबेलेव्ह यांना यकृताचा कॅन्सर झालेल्या उंदरांच्या रक्तात एक गर्भावस्थेतलं प्रथिन सापडलं. हेच एएफपी. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून सीईए वेगळं केलं. आता एका सुईत निदान होणार, अशी आशा निर्माण झाली.

ती फार टिकली नाही. सीईए धूम्रपान करणाऱ्यांमध्येही वाढतं, यकृताच्या आजारातही वाढतं. आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये, जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा, ते बऱ्याचदा नॉर्मल असतं. आज सीईएचा उपयोग मुख्यतः ऑपरेशननंतर आजार उलटतोय का, हे पाहण्यासाठी होतो. निरोगी माणसात कॅन्सर हुडकण्यासाठी ते निकामी आहे.

१९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ शोधलं. त्याचीही तीच अडचण. मासिक पाळी, फायब्रॉइड आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये ते वाढतं. पोटाच्या टीबीतही वाढतं, आणि आपल्या देशात ही गोष्ट विसरून चालत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, १ लाख निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांमध्ये ४० जणींना अंडाशयाचा कॅन्सर आहे. चाचणी इतकी चांगली आहे की कॅन्सर नसलेल्या १०० पैकी ९८ जणींना ती बरोबर 'नाही' सांगते. तरीही उरलेल्या २ टक्के म्हणजे जवळजवळ २,००० जणींचा रिपोर्ट चुकीने 'वाढलेला' येईल. चाळीस जणींसाठी दोन हजार घरांची झोप उडेल, आणि त्यातल्या काही जणी ऑपरेशन टेबलापर्यंत पोचतील. दुर्मीळ आजार निरोगी लोकांत शोधताना चांगली चाचणीही अशी फसते.

पीएसए : सापडलं, पण वाचलं का?

सर्वांत मोठा धडा प्रोस्टेटने दिला. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन १९७९ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. १९८६ मध्ये तिथे या चाचणीला मान्यता मिळाली, ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. पण चाचणी सोपी, एका सिरिंजचं काम. निरोगी पुरुषांतही ती सर्रास होऊ लागली आणि १९९४ मध्ये निदानासाठीही मान्यता मिळाली. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरचे आकडे झपाट्याने वर गेले.

आजार खरंच इतका वाढला होता का? नाही. म्हातारपणी अनेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये अगदी संथ वाढणारा कॅन्सर असतो. तो कधीच त्रास देत नाही आणि मृत्यू दुसऱ्याच कारणाने येतो. पीएसएमुळे असे कॅन्सरही उघडे पडले. एकदा 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की ऑपरेशन किंवा रेडिएशन होतंच, आणि त्यानंतर काहींच्या वाट्याला लघवीवरचा ताबा सुटणं आणि नपुंसकत्व येतं.

२००९ मध्ये दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या सुमारे ७६,००० पुरुषांच्या अभ्यासात तपासणीमुळे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. पण त्यात तुलनेच्या गटातल्या अनेकांनी बाहेर पीएसए करून घेतलं होतं, म्हणून तो निकाल डळमळीत मानला जातो. युरोपातल्या अभ्यासात मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. त्याची किंमत मात्र अशी होती : एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासावं लागलं आणि ४८ जास्तीच्या रुग्णांवर उपचार करावे लागले. १६ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हे आकडे ५७० आणि १८ वर आले. म्हणजे फायदा आहे, पण छोटा, आणि तो मिळवताना अनेकांना विनाकारण उपचार सोसावे लागतात. १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अँटिजनचं वर्णन करणारे रिचर्ड अॅब्लिन यांनीच २०१० मध्ये सरसकट पीएसए करण्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. आज अमेरिकी तज्ज्ञमंडळाचा सल्ला असा आहे की ५५ ते ६९ वयात फायदे-तोटे समजून घेऊन प्रत्येकाने डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

अंडाशयाच्या बाबतीत निकाल याहून कठोर होता. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००१ मध्ये सुरू झाला. सीए-१२५ दरवर्षी मोजून त्याच्या बदलत्या पातळीवर लक्ष ठेवल्याने लवकरच्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले. पण २०२१ मध्ये अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते.

असं कसं होईल? समजा, एखाद्या व्यक्तीचा कॅन्सर लक्षणांवरून २०२३ मध्ये कळला असता, पण चाचणीमुळे २०२० मध्येच कळला. मृत्यू दोन्ही परिस्थितींत २०२५ मध्येच झाला. कागदावर ती व्यक्ती निदानानंतर २ ऐवजी ५ वर्षं जगली. प्रत्यक्षात एक दिवसही वाढला नाही, फक्त आजारपणाची जाणीव ३ वर्षं आधी आली. म्हणूनच तपासणीची खरी परीक्षा किती कॅन्सर सापडले ही नसून किती मृत्यू टळले ही असते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्येच तपासणीचे जे निकष मांडले, त्यात सापडलेल्या आजारावर मान्य उपचार असायला हवेत, ही अट होती.

जे खरोखर चाललं, ते बार्शीत दिसलं

ज्या तपासण्यांनी जीव वाचतात असं सिद्ध झालं, त्यातल्या बहुतेक रक्ताच्या नाहीतच. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन तपासण्याची पद्धत १९२८ मध्ये मांडली. तिला मान्यता मिळायला १९४० चं दशक उजाडलं. तिचं मोठं बळ हे की कॅन्सर होण्याआधीचे बदल तिच्यात दिसतात, आणि त्यावर छोटा, सोपा उपचार असतो.

यातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्या मातीतला आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा मोठा वाटा होता. ज्या गटाची गर्भाशयमुखातल्या एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा तपासणी झाली, त्यातल्या सुमारे ३४,००० स्त्रियांपैकी ३४ जणी या कॅन्सरने दगावल्या. तपासणी न झालेल्या सुमारे ३१,५०० स्त्रियांपैकी ६४ जणी गेल्या. म्हणजे धोका जवळजवळ निम्मा. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो विचारण्यासारखाच आहे. त्या स्त्रियांमुळे मिळालेलं ज्ञान निदान आपण वापरलं पाहिजे.

केरळमध्ये तर यंत्रही लागलं नाही. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड उघडून पाहिलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केल्यावर ५० वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तो फायदा दिसला नाही.

मग आपण काय करायचं?

रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांवरून अनेक कॅन्सर एकदम ओळखण्याचा दावा करणाऱ्या नव्या चाचण्या आता येत आहेत. त्यांनाही हाच प्रश्न विचारायचा : मृत्यू कमी झाले का? तोवर एवढं करा.

• नेहमीचं चेकअप मधुमेह, रक्तक्षय, मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉलसाठी जरूर करा. ते कॅन्सरची तपासणी आहे असं समजू नका.

• लक्षणं नसताना पॅकेजमध्ये आहेत म्हणून ट्यूमर मार्कर करून घेऊ नका. केले असतील आणि वाढलेले आले, तर घाबरून न जाता डॉक्टरांना दाखवा.

• तिशीनंतर स्त्रियांनी गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही तोंड तपासून घ्यावं. या तिन्ही तपासण्या सरकारी कार्यक्रमात आहेत.

• जवळच्या नात्यात कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर तुमचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

• न भरणारा तोंडातला व्रण, स्तनातली गाठ, शौचातून रक्त, पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव, गिळताना अडकणं, कारणाशिवाय घटणारं वजन. यातलं काहीही असेल तर कालच आलेल्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. त्या रिपोर्टची फाईल घेऊनच या, पण या.