मतदाराला ओळखायचे कोणी? उमापूरच्या निमित्ताने मतदार-ओळखीचा इतिहास

१/ गेवराई तालुक्यातील उमापूर हे बीड जिल्ह्यातील गाव. १९५२ साली इथला मतदार पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला सामोरा गेला, तेव्हा छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची अट नव्हती. तरीही समोरचा माणूस यादीतलाच आहे, हे कोणाला तरी ठरवावे लागे. ते कोण ठरवी आणि पुढे ही पद्धत कशी बदलली, याचा हा धागा.

२/ आधी पार्श्वभूमी. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची राजवट संपली आणि त्यानंतर अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत इथला शेतकरी, शेतमजूर, स्त्री-पुरुष हैदराबाद राज्याची विधानसभा निवडू लागले. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. या प्रदेशाने असे यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

३/ मत देण्यासाठी यादीत नाव हवे. घरोघर फिरून देशभरात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली. मात्र अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्यांनी दिली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांत उत्तर भारतातील राज्यांचा वाटा मोठा होता.

४/ निर्णय कठोर होता, पण त्यामागे एक तत्त्व होते. मताधिकार व्यक्तीचा आहे, नात्याचा नाही. नवऱ्याच्या नावाआडून मत देता येणार नाही. पुढच्या निवडणुकांत स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत येत गेल्या. मतदाराच्या ओळखीचा भारतीय इतिहास असा नावापासून सुरू होतो.

५/ केंद्रावरची पडताळणी तोंडी असे. कर्मचारी यादीतील नाव मोठ्याने वाचणार, उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकणार. हे प्रतिनिधी बहुधा त्याच परिसरातले. १९६१ च्या निवडणूक नियमांनी केंद्राध्यक्षाला ओळख पटवण्यासाठी योग्य वाटतील अशा माणसांची मदत घेण्याची मुभा दिली. गावात अशी माहितगार माणसे म्हणजे पाटील, तलाठी, कोतवाल. यादीतील लेखनाच्या वा छपाईच्या चुकीकडे दुर्लक्ष करावे, असेही नियम सांगतो. माणूस तोच असल्याची खात्री पटली की पुरे.

६/ आणि संशय आला तर? प्रतिनिधीने २ रुपये रोख अनामत ठेवायची आणि आक्षेप नोंदवायचा. याला ‘आक्षेपित मत’ म्हणतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप खोडसाळ ठरला तर अनामत जप्त. सहा दशके उलटली, तरी नियमातली रक्कम २ रुपयेच आहे.

७/ कोणीतरी आधीच तुमच्या नावाने मत देऊन गेले असेल, तरी तुम्हाला हात हलवत परतवता येत नाही. ओळख पटली की स्वतंत्र मतपत्रिका मिळते. तिला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. ही मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात मोहोरबंद राहते. नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. पुढे न्यायालयात वाद गेला तर ती कामी येते.

८/ एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये यासाठी शाई. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर डाग धरते आणि तो अनेक दिवस निघत नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून येते. पण शाई फक्त ‘याने मत दिले’ एवढेच सांगते. ‘हा कोण’ हे तिला ठाऊक नसते.

९/ छायाचित्राचा पहिला मोठा प्रयोग १९६० च्या सुमारास कलकत्ता नैर्ऋत्य लोकसभा मतदारसंघात झाला. सव्वातीन लाखांहून अधिक मतदारांपैकी सुमारे दोन लाखांनाच कार्डे देता आली. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढू दिले नाही, अनेक मतदार घरी सापडले नाहीत. खर्चही फार होता. देशभर अशी कार्डे देण्याचा विचार मागे पडला.

१०/ तो पुन्हा पुढे आणला टी. एन. शेषन यांनी. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी ओळखपत्रांचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डांशिवाय निवडणूक नाही, असे बजावले. मुदत उलटली तरी काम पूर्ण झाले नव्हते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ओळखपत्रांअभावी निवडणुका मात्र थांबल्या नाहीत. महाराष्ट्राची विधानसभा फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये निवडली गेली.

११/ आज ओळखपत्र नसले तरी पर्याय आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे १२ दस्तऐवज चालत होते : आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँक वा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड इत्यादी. तुलनेसाठी : इंग्लंडमध्ये मतदानाला छायाचित्रासह ओळखपत्र मागणे सुरू झाले ते मे २०२३ मध्ये. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कार्ड ओळख सिद्ध करते; मताचा हक्क यादीतील नावातून येतो.

१२/ आता टपाल. सैनिक सीमेवर असतो, गावच्या केंद्रावर येऊ शकत नाही. त्याची मतपत्रिका टपालाने जाते. तिथे नाव वाचणारा कर्मचारी नाही, ऐकणारा प्रतिनिधी नाही, शाईही नाही. मग ओळख कशी पटणार? मतदार एका घोषणापत्रावर सही करतो आणि अधिकारी ती साक्षांकित करतो. नियमानुसार हा अधिकारी मतदाराला व्यक्तिशः ओळखणारा असावा, किंवा त्याची ओळख पटल्याची त्याला खात्री झालेली असावी.

१३/ इथे जुनी गावकीच पुन्हा दिसते. गावात शेजारी ओळखत होता, पलटणीत वरिष्ठ ओळखतो. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासतात. ते नसेल किंवा त्यावर रीतसर सही-साक्षांकन नसेल, तर मतपत्रिकेचा लिफाफा उघडलाही जात नाही. २०१६ पासून सैनिकांना कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळू लागली. भरलेली मतपत्रिका मात्र आजही टपालानेच परत येते.

१४/ बीड जिल्ह्यातून आणखी एक मोठा समूह दरवर्षी घर सोडतो. तो म्हणजे ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली ‘कोयती’, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कायद्याच्या नजरेत त्यांचे वास्तव्य गावातच असते. तात्पुरत्या गैरहजेरीने यादीतील नाव जात नाही. मात्र टपाली मतदान त्यांना नाही.

१५/ आता महाराष्ट्र विधानसभेच्या तारखा पाहा. १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८५, १९९०, १९९५ : सगळ्या निवडणुका फेब्रुवारी-मार्चमधल्या, म्हणजे ऐन गाळप हंगामातल्या. १९८० ची मे महिन्यातली निवडणूक तेवढी वेगळी. १९९९ पासून मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरकडे सरकले, तेही राजकीय घडामोडींमुळे. कामगारांची सोय म्हणून नव्हे. २०१२ आणि २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुका पुन्हा फेब्रुवारीतच आल्या.

१६/ २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. फडावर कोयता चालवणाऱ्याच्या खिशात ओळखपत्र होते, आधार होते. तो कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न शेकडो किलोमीटर दूरच्या केंद्राचा होता, आणि बुडणाऱ्या मजुरीचा.

१७/ यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होणार होती. अनेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि ही योजना प्रत्यक्षात उतरली नाही. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना २०२४ मध्ये घरून मत देता आले, म्हणजे केंद्राबाहेरचे मत नियमात बसवता येते. ऊसतोड कामगारासाठी तशी तरतूद अजून झालेली नाही.

१८/ सात दशकांत ओळखीचा पुरावा शेजाऱ्याच्या शब्दावरून कार्डावर आला. सैनिकासाठी मतपत्रिका सीमेपर्यंत पोहोचली. उसाच्या फडापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. घरी आजी-आजोबांचे जुने, कृष्णधवल छायाचित्राचे मतदार कार्ड असेल तर जपून ठेवा, आणि त्यांना एवढे जरूर विचारा : हे कार्ड येण्याआधी केंद्रावर तुम्हाला कोण ओळखायचे?