कांडी आणि शैवाल

खंडाळा तालुक्याला समुद्र नाही. नीरेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच आपला समुद्राशी संबंध. तरी समुद्री शैवाल गोठवून जपण्याची गोष्ट आम्ही इथूनच सुरू करतो. कारण गाय भरवण्यासाठीची रेताची कांडी द्रव नायट्रोजनच्या ज्या टाकीतून निघते, तशाच टाकीत ही शैवालेही ठेवतात.

एकपेशीय शैवाले नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रात, मुख्यतः त्यांच्यामुळेच होते. अर्न्स्ट प्रिंगशाइम यांनी १९२० च्या दशकात प्रागमध्ये शैवालांचा संग्रह उभारला. ते ज्यू होते. नाझींमुळे १९३८ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले, तेव्हा शैवालेही बरोबर गेली. त्यातून वाढलेल्या संग्रहाचे घर आज स्कॉटलंडमधील ओबान येथे आहे.

जिवंत शैवाल ठरावीक काळाने ताज्या द्रावणात हलवावे लागते. त्यात चूक होते, भेसळ होते आणि पिढ्यांगणिक शैवालही बदलते. मग गोठवावे, तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

यावरचा उपाय चुकून सापडला. लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचे रेत साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. एका बाटलीतल्या द्रावणाने ते टिकले. तपासल्यावर त्यात साखर नव्हे, ग्लिसरीन निघाले! बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात. हा शोध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइडचाही असाच उपयोग दाखवला. अशा द्रव्यात शैवाल बुडवून मिनिटाला साधारण एक अंश या गतीने थंड करतात, मग उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथे पेशींचे व्यवहार जवळजवळ थांबतात.

हे आज निकडीचे का? अरबी समुद्रात २००० नंतरच्या हिवाळ्यांत डायटम शैवालांच्या जागी हिरव्या नॉक्टिल्युकाची दाट वाढ दिसू लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचाही या अभ्यासात वाटा आहे. समुद्र तापत असताना आजचे वाण जपले, तर पुढे तुलनेला काहीतरी हाती राहील.

मात्र सर्वच शैवाले गोठवणे सोसत नाहीत. अनेक डायनोफ्लॅजेलेट अजून दाद देत नाहीत. शिवाय टाकीत वाण राहतो, समुद्र राहत नाही. मुलांना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातली टाकी जरूर दाखवावी. पण हा फरकही त्यांना तिथेच सांगावा.