कॅस्पेज-३ प्रतिपिंड : निवड व प्रमाणन

पेशीमृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेज-३ या प्रथिनाच्या शोधासाठी योग्य प्रतिपिंड पारखून घेण्याची संशोधनपद्धती (पहा : अपोप्टोसिस). कोलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ मधील तंत्रामुळे एकाच प्रकारची शुद्ध प्रतिपिंडे मिळू लागली (पहा : मोनोक्लोनल प्रतिपिंड), तर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने प्रतिपिंडांच्या प्रमाणनाचे पाच निकष मांडले. प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत अखंड प्रथिनाची पट्टी सुमारे ३२ किलोडाल्टनवर, तर ॲस्पार्टेट-१७५ पाशी छेद गेल्यावर १७ व १९ किलोडाल्टनवर दिसते. केवळ छेदित रूप ओळखणारे प्रतिपिंड प्रथिन सक्रिय झाल्याचे दर्शवते. पडताळ्यासाठी पेशीमृत्यू घडवणारे स्टॉरोस्पोरिन दिलेल्या जुर्कट पेशी व कॅस्पेज-३ नसलेल्या एमसीएफ-७ पेशी वापरतात. एमसीएफ-७ पेशींत पट्टी उमटल्यास प्रतिपिंड अविश्वसनीय ठरते. कर्करोगावरील औषधांच्या परिणामांचे मापन या निवडीवर अवलंबून असते. भारतीय प्रयोगशाळांना पडताळ्यासाठी लागणाऱ्या पेशीवंशांचा पुरवठा पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करते.