नळाचं मीटर बिघडलंय की पाणी गळतंय? घरच्या घरी अशी करा खात्री

शिरूर कासार : दिवाळी झाली की तालुक्यातली बरीच घरं कुलूपबंद होतात. ऊसतोडीला गेलेली माणसं पाच-सहा महिन्यांनी परत येतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं, आणि पाण्याचं बिल पडतं त्यांच्याच हातात. घरात वापरणारे दोघं, मग एवढं पाणी गेलं कुठं? पहिला संशय मीटरवर जातो. कधी तो खरा निघतो. पण पुष्कळदा मीटर बरोबर असतं आणि पाणी भलतीकडूनच जात असतं. अशा वेळी मीटर बदलूनही बिल तेवढंच येतं आणि वर नव्या मीटरचा खर्च बसतो.

वर्षाला ठरावीक पाणीपट्टी असेल तिथं हा प्रश्न येत नाही. मात्र ज्यांच्या नळाला मीटर आहे, किंवा ज्यांनी भाडेकरूंसाठी, सामाईक बोअरसाठी स्वतः मीटर बसवलं आहे, त्यांना तीन सोप्या परीक्षा घरीच करता येतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मोबाईल, दूध मोजायचं लिटरचं माप आणि एक टिपाड एवढ्यावर काम भागतं.

आधी मीटर वाचायला शिका

घरगुती मीटर बहुतेक अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचं असतं. त्यावरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणजेच २०० लिटरची ५ टिपाडं. बिलावर ज्याला युनिट म्हणतात ते सहसा हेच. तरी आपल्या बिलावर एकदा बघून घ्यावं.

लाल आकडे किंवा लाल काटे लिटरचा हिशेब दाखवतात. काट्याशेजारी ०.१, ०.०१, ०.००१, ०.०००१ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा :

- ०.०००१ चा काटा पूर्ण एक फेरा फिरला की १ लिटर
- ०.००१ चा काटा फिरला की १० लिटर
- ०.०१ चा काटा फिरला की १०० लिटर
- ०.१ चा काटा फिरला की १,००० लिटर

मधोमध एक छोटी चांदणी किंवा चकती असते. पाण्याची बारीक धार गेली तरी सगळ्यात आधी ती हलते. गळती पकडायला तीच कामाला येते.

घराला पाणी लागतं किती?

बिल जास्त आहे असं म्हणायच्या आधी हा हिशेब करावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबानं पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर, म्हणजे महिन्याला ८,२५० लिटर लागतात. मीटरवर हे साधारण सव्वाआठ युनिट होतात. दोघंच राहत असतील तर महिन्याला ३,३०० लिटर, म्हणजे सव्वातीन युनिटांच्या आसपास.

यात जनावरांचं पाणी धरलेलं नाही. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर सहज पिते. दावणीला एक म्हैस असली तरी महिन्याला दीड युनिट वाढलं. बांधकाम, लग्नकार्य, पाहुणेरावळे यांचं पाणी वेगळं. हे सगळं धरूनही बिल दुप्पट-तिप्पट येत असेल, तर पुढच्या परीक्षा कराव्यात.

परीक्षा पहिली : सगळ्या तोट्या बंद

ही परीक्षा नळाला पाणी चालू असतानाच करायची. पाणी नसताना काटा हलणारच नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल.

१. घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा. टाकी भरलेली असू द्या.
२. मीटरचा फोटो काढा. १५ मिनिटं थांबा. पुन्हा फोटो काढा.
३. काटा जागचा हलला नसेल, तर मीटर ते तोटी या भागात गळती नाही.
४. काटा पुढं सरकला असेल, तर मीटरच्या पुढचा कॉक, म्हणजे घराकडच्या बाजूचा, बंद करून बघा.

कॉक बंद केल्यावर काटा थांबला, तर मीटर चांगलं आहे आणि पाणी घराच्या आतच गळतंय. कॉक घट्ट बंद असूनही काटा एकसारखा पुढंच जात असेल, तर कॉक तरी खराब आहे किंवा मीटर तरी. शेजारी कुणी मोटार लावली की काटा थोडा मागंपुढं थरथरतो. तो बिघाड नाही.

गळती नेहमीच्या जागी शोधा : टाकीचा बॉल कॉक, संडासातली टाकी, जमिनीखालून गेलेला पाईप, जनावरांच्या हौदाची तोटी, हौदाची चीर. टाकीचा बॉल नीट बसत नसेल तर पाणी वरच्या पाईपातून रात्रभर वाहून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

टाकीच्या पुढची गळती या परीक्षेत सापडत नाही, कारण ते पाणी मीटरमधून आधीच गेलेलं असतं. त्यासाठी रात्री झोपताना टाकीतल्या पाण्याच्या पातळीची खूण करा आणि सकाळी कुणी तोटी उघडायच्या आत पुन्हा बघा.

बारीक धारेला कमी समजू नका. २०० मिलिलिटरचा पेला एका मिनिटात भरेल एवढी धार दिवसरात्र चालू राहिली, तर २४ तासांत २८८ लिटर पाणी जातं. पाच माणसांच्या घराचं दिवसाचं पाणी त्याहून कमी आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला ही गळती परवडणारी नाही.

परीक्षा दुसरी : टिपाडाचं माप

मीटर जास्त दाखवतं की कमी, हे या परीक्षेत कळतं.

१. दूध मोजायचं शिक्का असलेलं लिटरचं माप घ्या. त्यानं मोजून बादलीत १० लिटरची खूण करा.
२. अशा १० बादल्या टिपाडात ओता आणि पाण्याच्या पातळीवर रंगानं रेघ मारा. ही झाली १०० लिटरची रेघ. टिपाड हलवू नका, जमीन सपाट असू द्या.
३. पाणी काढून घ्या, वाया घालवू नका. मीटरचा फोटो काढा.
४. घरातल्या बाकीच्या तोट्या बंद ठेवून एकच तोटी पूर्ण उघडा आणि टिपाड रेघेपर्यंत भरा. पुन्हा फोटो काढा.
५. असं तीनदा करा.

घरगुती मीटरसाठी आयएस ७७९ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार नेहमीच्या धारेला मीटरमध्ये २ टक्के आणि बारीक धारेला ५ टक्के इतका कमी-जास्त फरक चालतो. म्हणजे १०० लिटरला मीटरनं ९८ ते १०२ दाखवलं तर ते बरोबर. घरच्या मापातही थोडी चूक होतेच, म्हणून ९५ ते १०५ पर्यंत वाद घालू नये. तिन्ही वेळा आकडा ११० किंवा ११५ येत असेल, तर मात्र तक्रारीला जागा आहे.

तोटी पूर्ण उघडायला सांगितलं त्याला कारण आहे. अगदी बारीक धारेवर यंत्राचं मीटर नीट फिरत नाही. तसल्या धारेवर केलेली परीक्षा कुणी मान्य करणार नाही.

परीक्षा तिसरी : पाण्याआधीची हवा

जिथं पाणी एक-दोन दिवसांआड किंवा आठवड्यानं येतं, तिथली ही खरी अडचण. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो आणि त्यात हवा भरते. पाणी सोडलं की ती हवा पुढं ढकलली जाते आणि तोटीतून फुस्स आवाज करत बाहेर पडते. हवेच्या झोतानंही मीटरचं चक्र फिरतं. पाण्याचा थेंब न पडता आकडा वाढतो.

पाणी यायच्या वेळेआधी मीटरचा फोटो काढा. तोटीतून सलग पाणी पडायला लागलं की लगेच दुसरा फोटो काढा. मधला फरक हवेचा. समजा हा फरक ४० लिटर आला आणि महिन्यात १० वेळा पाणी आलं, तर ४०० लिटर नुसत्या हवेचे झाले.

यावर घरचा उपाय म्हणजे पाणी बंद झालं की मीटरजवळचा कॉक बंद करून ठेवायचा. गल्लीत पाणी आल्याची खात्री झाली की मगच उघडायचा. खरा उपाय मुख्य लाईनवर आहे. उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह बसवलेला आणि चालू स्थितीत असेल, तर हवा तिथूनच निघून जाते. ही मागणी एकट्यानं करण्यापेक्षा गल्लीनं मिळून करावी.

नळाला थेट मोटार लावली की हा त्रास वाढतो. मोटार पाण्याबरोबर हवा आणि गाळही ओढते. पाईप फुटलेला असेल तर गटाराचं पाणीही आत येतं. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरमध्ये २४ तास पाणी आणि घरोघरी मीटर अशी योजना झाली. पाईप कायम भरलेला राहिला की हवेचा प्रश्न उरत नाही.

मीटर खरंच बिघडल्याच्या खुणा

- तोटी वाहतेय, पण काटा आणि चांदणी दोन्ही थांबलेली
- काटा फिरतोय, पण काळे आकडे पुढं जात नाहीत
- काटा उलटा फिरतोय. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे का ते बघा. मीटर उलटं बसवल्याचीही शक्यता असते
- काचेच्या आत पाणी किंवा धुकं साचून आकडे दिसत नाहीत
- चक्राचा घासल्यासारखा आवाज येतो
- शेजारी धार चांगली, आपल्याकडं बारीक. मीटरच्या तोंडाची जाळी वाळू-गाळानं भरलेली असू शकते

एक गोष्ट लक्षात ठेवावी. चक्राचं जुनं मीटर झिजलं की ते सहसा कमी दाखवतं, जास्त नाही. त्यामुळं जुन्या मीटरवर एकाएकी बिल वाढलं, तर आधी गळती, मग हवा आणि शेवटी मीटर असा शोध घ्यावा. मीटर बंद पडल्यामुळं बिल कमी येतंय म्हणून गप्प बसणंही महागात पडतं. मागच्या काळाची सरासरी काढून एकदम आकारणी झाली की ती भरणं जड जातं.

सील स्वतः तोडू नये आणि मीटर उघडू नये. सील तुटलेलं दिसलं की तक्रार करणाराच संशयात सापडतो.

तक्रार कुठं आणि कशी?

शिरूर कासार शहरात नगरपंचायतीकडं मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं लेखी अर्ज द्यावा. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. नागरी संस्थांच्या पाणीपुरवठा सेवांच्या यादीत नादुरुस्त मीटरची तक्रार ही सेवा धरलेली आहे. अर्जाची पोच घ्यावी. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर या कायद्यानं अपील करता येतं.

गावात योजना ग्रामपंचायतीकडं असेल तर अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्यावा आणि विषय ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढं ठेवायला सांगावं. तिथं दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं जाता येतं.

अर्जात एवढं असावं :

- ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, आजचं रीडिंग
- मागच्या काही बिलांच्या झेरॉक्स
- तिन्ही परीक्षांची तारीख, आकडे आणि फोटो
- मागणी स्पष्ट : मीटर तपासून द्यावं, दोष निघाल्यास बदलून बिल दुरुस्त करावं

तपासणीचा खर्च कुणी करायचा आणि मीटर बंद असताना आकारणी कशी होते, हे आधीच विचारून घ्यावं. त्याबद्दलचा ठराव असेल तर त्याची प्रत मागावी. वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नये. हरकत लेखी नोंदवून भरावं, म्हणजे नळ तोडायची वेळ येत नाही.

ऊसतोडीला निघण्याआधी

घर पूर्ण बंद राहणार असेल तर मीटरजवळचा कॉक बंद करा, रीडिंगचा फोटो काढा आणि तो घरातल्याच कुणाला तरी पाठवून ठेवा. फोटोत मीटर क्रमांक दिसला पाहिजे. म्हातारी माणसं मागं राहणार असतील तर दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला शेजारच्या पोराकडून फोटो काढून मागवा. परत आल्यावर आकडा जुळला नाही, तर कोणत्या महिन्यात बिघडलं हे त्या फोटोंवरूनच दाखवता येईल.