अर्क

आमच्या मेसमध्ये एक तरुण कॅप्टन असा काही घमघमत आला की एका सीनियरने सरळ विचारलं, "काय रे, आज पार्टी बार उघडायच्या आधीच?" तो गोरामोरा झाला. "सर, परफ्यूम आहे." बाटलीवरचं नाव होतं ‘एंजल्स शेअर’. सीनियरचं नाक मात्र चुकलं नव्हतं. ते अत्तर ब्रँडीच्या वासावरच बेतलेलं आहे.

ते बनवणारा किलियान हेनेसी हा कोन्याक ब्रँडीच्या प्रसिद्ध हेनेसी घराण्यातला. या घराण्याचा मूळ पुरुष रिचर्ड हेनेसी आपल्याच बिरादरीतला होता, हे वाचून मला गंमत वाटली. आयर्लंडमधल्या कॉर्कचा हा गडी फ्रान्सच्या राजाच्या फौजेत अधिकारी होता. तलवार ठेवली आणि १७६५ साली कोन्याक गावी ब्रँडीचा व्यापार सुरू केला. निवृत्तीनंतरचं इतकं यशस्वी पुनर्वसन आमच्यात अजून कोणाला साधलेलं नाही.

त्याच्या वंशजांपैकी या किलियानने २००७ मध्ये अत्तरांचा धंदा काढला आणि २०२० मध्ये घराण्याच्या तळघरांची आठवण म्हणून हे अत्तर आणलं. ओकच्या पिंपात मुरताना ब्रँडीचा काही भाग लाकडातून हवेत उडून जातो. तिकडचे लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते आणि कोन्याक गावातल्या गोदामांच्या भिंती काळ्या पडतात. अत्तराच्या घटकांत कोन्याक तेल आहे, पण हे तेल ब्रँडीतून नाही, वाइनच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळातून, वाफेने काढतात. पुढे दालचिनी, ओक, व्हॅनिला. आणि यादीच्या शेवटी चंदन.

देवदूत आणि चंदन या दोन्ही गोष्टींसाठी खरं तर बंगळुरूच्या बाहेर जायची गरज नाही.

मैसूर रोडवर, शहराच्या वेशीबाहेर, अमृत डिस्टिलरीज आहे. १९४८ मध्ये राधाकृष्ण राव जगदाळे यांनी कंपनी स्थापन केली. (शहाजीराजांच्या जहागिरीच्या गावात जगदाळे भेटले, यात नवल ते काय!) २००४ मध्ये या कंपनीने आपली सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखंच. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातली दोनेक टक्के व्हिस्की दरवर्षी उडते. बंगळुरूच्या हवेत दहा-बारा टक्के. हिशेब करून पाहा. शंभर लिटरची आठ वर्षांनी तिकडे पंचाऐंशी उरते, इकडे चाळीसच्या आसपास. म्हणून २०१३ मध्ये आठ वर्षं मुरलेली व्हिस्की बाजारात आणताना कंपनीने तिचं नाव ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’, अधाशी देवदूत. एवीतेवी बाटलीवर ‘अमृत’ लिहिल्यावर देव कशाला हात आखडता घेतील?

दारू आणि अत्तर यांचं नातं जाहिरातवाल्यांनी जुळवलेलं नाही. दोन्ही भट्टीचीच लेकरं. आपला ‘अर्क’ हा शब्द अरबीतून आला. तिथे ‘अरक’ म्हणजे घाम. भांडं तापतं, वाफ वर जाते, थंड नळीत तिला घाम फुटतो, तो धरायचा. गुलाब घातला तर गुलाबपाणी, काजूची बोंडं आंबवून घातली तर गोव्याची फेणी. फरक पुढे पडतो. युरोपने सुगंध दारूच्या अर्कात विरघळवला. कलोनची बाटली म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच. आपल्याकडे कनौजच्या अत्तारांनी अल्कोहोल वापरलं नाही. तांब्याच्या देगेतली फुलांची वाफ बांबूच्या नळीने भपक्यात आणली, आणि भपक्यात आधीच ओतून ठेवलेलं असे चंदनाचं तेल. गुलाब असो वा केवडा, त्याला धरून ठेवणारं अंग चंदनाचं.

मैसूरच्या संस्थानातलं हे चंदन पहिल्या महायुद्धापर्यंत लाकूड म्हणूनच बाहेर जाई आणि त्याचं तेल बरंचसं जर्मनीत निघे. १९१४ साली तोफा धडाडल्या आणि गिऱ्हाईकच शत्रू झालं. लाकडाचे ढीग पडून राहिले. माझ्या मते बंगळुरूच्या औद्योगिक इतिहासातला हा मोठा क्षण, आणि तो रणांगणावरच्या कुठल्याही विजयापेक्षा मला जास्त आवडतो. विश्वेश्वरय्या दिवाण होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत तेल काढून दाखवलं. १९१६ मध्ये नालवडी कृष्णराज वडियार यांच्या सरकारने काम हाती घेतलं. साबण शिकायला सोसले गरळपुरी शास्त्री इंग्लंडला गेले आणि परत येऊन त्यांनी मैसूर सँडल घडवला. तो लंबगोल साबण आपल्या आजीच्या ट्रंकेतही साड्यांच्या घड्यांमध्ये असायचा.

फ्रेंच घराणं आपल्या तळघराची वाफ हजारोंना विकतं. आपल्याकडे भट्टीही आहे, देवदूतही आहेत, चंदन तर घरचंच, आणि एका दिवाणाने महायुद्धाच्या काळात संधी साधल्याची खरीखुरी गोष्ट आहे. ती आपण साबणाच्या वडीच्या भावात देतो. साबण स्वस्त राहावा, त्याबद्दल तक्रार नाही. गोष्ट तरी नीट सांगावी.

पण सांगायचीच तर पूर्ण सांगावी लागेल. याच राज्यात पिशव्यांतून मिळणारी ‘सारायी’ही भट्टीचीच होती. तिने मजुरांचे पगार गिळले आणि बायकांनी मोर्चे काढले. १ जुलै २००७ पासून तिच्यावर बंदी आहे. त्या वासाचं अत्तर कोणी काढणार नाही. पिंपाच्या वासाला वारसा म्हणतात, पिशवीच्या वासाला नाही. ज्या घरांनी तो वास रोज रात्री दारात सोसला, त्यांना विचारून मगच ‘दारूचा वारसा’ हा शब्द वापरावा, असं मला वाटतं.

साबणाचा कारखाना आज राजाजीनगरच्या बाजूला आहे. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर त्याच्या नावाचं स्टेशनही आहे: ‘सँडल सोप फॅक्टरी’. वारा बरोबर असला तर पाटी वाचावी लागत नाही.