चाकूवरचे आकडे कुठून आले?

दर वर्षी फील्डवर्कचा मोसम जवळ आला की एखादा तरी ज्युनिअर विचारतो, "जंगलात न्यायला सर्व्हायव्हल नाइफ कुठला घेऊ?" सोबत एक फोटो असतो. वर्णन दरवेळी साधारण सारखंच: न दुमडणारं सात इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, कडकपणा ५८ एचआरसी.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही असाच एक घेतला होता. आंबोलीला झाडाच्या सालीचा नमुना काढताना तो मुठीपाशीच तुटला. पातं सालीत अडकलेलं, मूठ माझ्या हातात आणि अंगठ्याच्या बुडाशी एक लांब चीर. टाके पडले नाहीत, पण दोन दिवस उजव्या हाताने काही लिहिता आलं नाही. सोबतचे काका कमरेच्या आकडीत कोयता अडकवून आले होते. सकाळीच त्यांनी माझा चाकू हातात घेऊन, पाठीवरचे दात बोटाने चाचपून विचारलं होतं, "ह्यां कित्याक?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

ते उत्तर मी नंतर शोधलं. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खऱ्या गरजेतून आलेली आहे. फक्त ती गरज तुमची नाही. पुढे तुम्ही सूक्ष्मदर्शक घ्याल, सेन्सर घ्याल, तेव्हाही असेच तक्ते वाचाल. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते, कारण हौसेने रानात जाणाऱ्यांसाठी चाकूवर लिहिण्याची परंपरा तिथे जोरात होती. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा पेनसिल्व्हेनियातला गृहस्थ 'नेसमुक' या टोपणनावाने लिहायचा. अंगाने अगदी किरकोळ, तब्येत यथातथाच. त्यामुळे सामानातल्या प्रत्येक वस्तूचं वजन त्याला जाणवायचं. १८८३ साली तो ॲडिरॉन्डॅकच्या तळ्यांमधून ज्या नावेतून हिंडला तिचं वजन जेमतेम साडेदहा पौंड होतं, म्हणजे पाच किलोच्याही आत! १८८४ साली त्याचं 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक आलं. त्यात तो एका चाकूवर भिस्त ठेवतच नाही. लाकडाला छोटी दुधारी कुऱ्हाड, बारीक कामाला खिशातला घडीचा चाकू, आणि मांस कापायला, कातडं सोलायला पातळ पात्याचा बिनघडीचा चाकू. लांबलचक, जाडजूड सुऱ्यांची तो थट्टा करतो.

त्याच वाटेवरचा दुसरा माणूस होरेस केफार्ट. हा सेंट लुईसमधला ग्रंथपाल. नोकरी सुटली, संसार मोडला, आणि १९०४ मध्ये तो ग्रेट स्मोकी पर्वतात राहायला गेला. १९०६ साली त्याचं कॅम्पिंगवरचं पुस्तक निघालं. त्यात त्याने स्वतःच्या चाकूचं वर्णन केलंय. पातं सव्वाचार इंचांच्या आसपास, पाठीला जाडी इंचाचा आठवा भाग म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर, आणि पात्याचं लोखंड मुठीतून आरपार गेलेलं. मला त्यातलं एकच वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा, की पात्याला पाणी एवढंच दिलेलं असावं की ओलं कठीण लाकूड कापता येईल. पण गाठीवर किंवा हाडावर आदळलं तर धार मुडपावी, तिची कपची उडू नये.

इथे थोडं थांबू, कारण मामला इथेच आहे. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की त्याची स्फटिकरचना बदलते, मार्टेन्साइट तयार होतं. ते प्रचंड कडक असतं आणि तितकंच ठिसूळ. मग ते पुन्हा बेताने तापवायचं. थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. आपल्याकडचा लोहार 'पाणी देणं' म्हणतो, त्यात बहुतेक वेळा या दोन्ही पायऱ्या येतात. कडकपणा म्हणजे धार टिकणं. चिवटपणा म्हणजे पातं न तुटणं. एकाच पोलादात सहसा एक वाढवलं की दुसरं घटतं. केफार्टने हा सौदा आकड्यांशिवाय, वापरणाऱ्याच्या भाषेत बरोबर मांडला होता.

मग तो ५८ एचआरसी कुठून आला? ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी १९१४ मध्ये अमेरिकेत कडकपणा मोजणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांना बॉल बेअरिंगच्या कड्या झटपट तपासायच्या होत्या. हिऱ्याची शंकूसारखी टोकदार सुई ठरलेल्या वजनाने दाबायची, खड्डा किती खोल गेला ते बघायचं, झालं. मिनिटभरही लागत नाही आणि वस्तूवर जेमतेम ठिपका उमटतो. चिवटपणा मोजायची रीत याच्याही आधीची आहे. जॉर्ज शार्पी या फ्रेंच अभियंत्याने ती १९०१ च्या सुमारास पक्की केली. पण तिच्यात ठरावीक मापाचा, खाच पाडलेला नमुना लंबकाच्या घावाने तोडावा लागतो. तयार चाकू त्यात घालताच येत नाही. त्यामुळे जे मोजायला सोपं तेच खोक्यावर छापलं जातं. माझ्या चाकूचा ५८ हा आकडा कदाचित खराही असेल. तो मुठीपाशी का तुटला, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता.

आता दात. काकांच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकन वायुदलात सापडतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वैमानिकांसाठी एक जगण्या-वाचण्याचा चाकू तयार झाला. पुढे त्याचं पाच इंची पात्याचं रूप रूढ झालं. पाठीवरचे दात होते ते कोसळलेल्या विमानाचा ॲल्युमिनिअमचा पत्रा फाडून बाहेर पडायला! लाकडासाठी ते नव्हतेच. सुताराची करवत नीट बघा: तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत मोकळी चालते. चाकूच्या जाड पाठीत नुसते खोबणलेले दात लाकडात दोन-चार फेऱ्यांतच अडकतात. वर पाठीवर अंगठा ठेवून जोर द्यायची सोयही जाते. मी तर विमानातून पडणार नव्हतो.

पोकळ मुठीला लोकप्रियता दिली ती १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' या सिनेमाने, म्हणजे रॅम्बोच्या पहिल्या भागाने. त्यासाठी आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिराने चाकू घडवला. मुठीच्या नळीत काडेपेटीच्या काड्या, सुई-दोरा वगैरे. कारागिराने निगुतीने केलेला तसा चाकू टिकतोही. पण सिनेमानंतर स्वस्त नकलांचा पूर आला, त्यांत पात्याचा जेमतेम बोटभर भाग नळीत बसवलेला असतो. तुम्ही पातं फटीत घालून मूठ वाकवता, तेव्हा सगळ्यात जास्त ताण नेमका त्या सांध्यावर येतो. बारावीचं भौतिकशास्त्र आहे, पण चाकू घेताना मला आठवलं नाही.

गंजाची गोष्टही ऐकून ठेवा, कारण आपल्याकडे तीच निर्णायक ठरते. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातू करून बघत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने जे पोलाद ओतलं त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. ते गंजत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सुऱ्या-काट्यांसाठी पुढे केलं. गावातल्या चाकूवाल्यांनी मात्र त्याची 'न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक' अशी टर उडवली. ते अगदीच चूक नव्हते, कारण इतक्या कमी कार्बनवर धार फार टिकत नाही. स्टेनलेस म्हणजे बोथट हा समज तिथून पक्का झाला. आज स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंना वापरतात त्या १२सी२७ पोलादात ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं. त्याला धार चांगली लागते. तरी "खरा जंगलवाला कार्बन स्टीलच वापरतो" हे वाक्य अजून ऐकू येतं. जुलैत आंबोलीला एक रात्र ओल्या म्यानात कार्बन स्टील ठेवून बघा.

मोराच्या चाकूंबद्दल अजून एक. 'पातं मुठीत शेवटपर्यंत आणि पूर्ण रुंदीचंच हवं' असा हल्ली जवळजवळ धर्मनियम झालाय. मोराच्या बऱ्याच चाकूंत मात्र पात्याची नुसती अरुंद शेपटी मुठीत जाते, आणि ते दणकून वापरले जातात. सांधा नीट भरलेला असणं महत्त्वाचं.

तेव्हा तुमचं काम आधी लिहून काढा. साल खरवडणं, दोरी कापणं, फांदीची काडी तासणं, डब्यातला कांदा चिरणं असं असेल, तर चार इंची, तीन मिलिमीटरच्या आतलं, साध्या पाठीचं स्टेनलेस पातं पुरे. झुडपं तोडायची असतील तर ती कोयत्याची कामं. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड स्प्रिंगचं असतं, त्यात कार्बन बेताचा आणि चिवटपणा भरपूर, म्हणून गावचा लोहार त्याचा कोयता घडवतो तेव्हा तो योग्यच निवड करतो. पण कोयता चालवायचं काम सोबतच्या माहितगार माणसावर सोडा. माझा पहिला घाव दगडावर गेला होता.

कायद्याचं डोक्यात ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात; घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. आणि अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे लेखी परवानगी लागते. संशोधन-परवान्याचा अर्ज करतानाच सामानात चाकूचा उल्लेख करा, म्हणजे नाक्यावर प्रश्न येत नाहीत.

आणि दुकानात गेलात तर मूठ हात ओला करून धरून बघा. मी ते आता प्रत्येक वेळी करतो, दुकानदार विचित्र नजरेने बघतो तरी.